चहा, कॉफी आणि २० रुपयांची बाटली : कॅफिनचा हिशेब कुठे चुकतो?

जालन्यात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे मैदानावर आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत असतात. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीचे कामगार तापलेल्या लोखंडासमोर जागतात. समृद्धी महामार्गावरच्या ट्रकचालकाला पहाटेपर्यंत डोळे मिटू द्यायचे नसतात. या सगळ्यांचा उपाय एकच, कॅफिन. पूर्वी ते टपरीवरच्या चहातून मिळायचे. आता त्यात २० रुपयांना मिळणाऱ्या एनर्जी ड्रिंकच्या बाटलीची भर पडली आहे. चहा सुटला नाही आणि बाटलीही आली, गडबड इथेच आहे.

किती म्हणजे जास्त?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (आयसीएमआर-एनआयएन) मे २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यानुसार दिवसभरात ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये. १५० मिलिलिटरच्या कपात चहातून ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीतून ५० ते ६५ आणि फिल्टरसारख्या गाळलेल्या कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन जाते. एनर्जी ड्रिंकसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) कमाल मर्यादा लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५.

आता अभ्यासिकेतला एक दिवस मोजू. टपरीचा ग्लास लहान असतो, म्हणून एका चहाचे २५ धरू. सहा चहांचे १५०, रात्री दोन इन्स्टंट कॉफींचे ११० आणि एका बाटलीचे ७५. बेरीज ३३५. यातली एकही गोष्ट एकटी पाहिली तर धोक्याची वाटत नाही आणि ‘मी फक्त एकच बाटली घेतो’ हे वाक्य खरेही असते. पण शरीर चहा, कॉफी आणि बाटलीची वेगवेगळी खाती ठेवत नाही.

मग शरीरात होते काय?

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते. ते ठरलेल्या जागी जाऊन बसले की झोप येते. कॅफिन त्या जागा आधीच अडवते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तसेच. अडेनोसिन मात्र गाडीतून उतरत नाही, उभेच राहते. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात. कॅफिनचा असर ओसरल्यावर येणारी ग्लानी ती हीच. थकवा गेलेला नसतो, तो जाणवत नसतो एवढेच.

याच काळात अ‍ॅड्रिनलिन वाढते. नाडी जलद होते, रक्तदाब काही काळ चढतो, पोटात आम्ल वाढते, लघवीला वारंवार जावे लागते. प्रमाण आणखी वाढले तर हात थरथरणे, छातीत धडधड, मळमळ, कारण नसताना घाबरल्यासारखे होणे. परीक्षेच्या आदल्या दिवशी हे झाले की घरचे म्हणतात, टेन्शन घेतलंय. कधी ते टेन्शन असते, कधी चौथा कप. अगदी कमी वेळात सुमारे १२०० मिलिग्रॅम गेले तर झटके येऊ शकतात. चहा पिऊन एवढे होणे अवघड आहे, कॅफिनच्या गोळ्या किंवा पावडरने मात्र सहज होते.

कॅफिनचे प्रमाण रक्तात निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी ६ वाजता २०० मिलिग्रॅम घेतले तर रात्री ११ वाजता १०० शिल्लक असते. म्हणजे गाळलेल्या कॉफीचा कप पिऊनच गादीवर पडल्यासारखे. अमेरिकेतल्या २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिले, तरीही झोप तासाभराहून अधिक घटली. अपुऱ्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशी जास्त चहा, त्यामुळे पुन्हा झोप कमी. आणि वाचलेले डोक्यात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. त्यामुळे जागून केलेल्या अभ्यासाची वसुली किती होते, हा प्रश्नच आहे.

गर्भवतींमध्ये हेच कॅफिन कितीतरी जास्त वेळ शरीरात राहते. युरोपातील अन्न सुरक्षा संस्था त्यांच्यासाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगते. शिवाय चहा-कॉफीतले टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळा, असे एनआयएन सांगते. आपल्याकडे जेवण झाले की लगेच चहाचे आधण चढते आणि रक्तक्षय बायकांमध्येच जास्त दिसतो, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

मैदानावर फायदा होतो का?

होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. योग्य प्रमाणात कॅफिन घेतल्यास खेळाडूंची कामगिरी सुधारते, हे सिद्ध आहे. म्हणून तर २००४ पर्यंत ते उत्तेजकांच्या बंदी यादीत होते. पण १६०० मीटर धावण्याआधी उपाशीपोटी, कधी नव्हे ती बाटली रिकामी करणे हा वेगळाच प्रकार आहे. नाडी आधीच चढलेली, त्यात ऊन, आणि हृदयाचा एखादा दोष कधी तपासलेलाच नाही. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात १६ वर्षांचा एक मुलगा वर्गात कोसळला आणि दगावला. त्याने दोनेक तासांत एक लाटे कॉफी, एक मोठे सॉफ्ट ड्रिंक आणि एक एनर्जी ड्रिंक घेतले होते. कॅफिनमुळे हृदयाची लय बिघडली असावी, असा तिथल्या कोरोनरचा निष्कर्ष होता. अशा घटना विरळ आहेत, पण इथेही घात बेरजेनेच केला.

ट्रकचालकांसाठी एक उपयोगाची गोष्ट : कॅफिनचा असर व्हायला अर्धा तास लागतो. चहा घेऊन लगेच गिअर टाकण्यापेक्षा गाडी सुरक्षित जागी लावून १५-२० मिनिटे डोळे मिटणे कधीही चांगले. जांभया थांबत नसतील तर दुसरा कप कामाचा नाही.

सवय मोडायची असेल तर एकदम बंद करू नका. १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते आणि हे काही दिवस चालते. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा, सुरुवात संध्याकाळच्या कपापासून. धडधड थांबत नसेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन पडायला झाले, तर लिंबूपाणी देत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

सरकार काय करते आहे?

शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिन असलेल्या एनर्जी ड्रिंकच्या विक्रीवर बंदी घालू, असे तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितले होते. आमदार सत्यजीत तांबे यांनी तो प्रश्न मांडला होता. पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून १८ वर्षांखालील मुलांना ही पेये विकण्यावरच बंदी घातली. अंतर मोजत बसण्यापेक्षा वय विचारणे सोपे आहे. शिवाय अभ्यासिका म्हणजे शाळा नव्हे आणि भरतीचे मैदानही नव्हे, त्यामुळे ही बाटली जिथे सर्वाधिक खपते तिथे ५०० मीटरचा नियम पोहोचतच नाही.

लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांनी हे पेय घेऊ नये आणि दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये, असा इशारा बाटलीवर छापणे बंधनकारक आहे. तो असतोही, बारीक अक्षरांत. मात्र लेबलवरचा मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत असला की नियम पाळला जातो, मराठीची सक्ती नाही. निदान महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर तरी हे दोन ओळींचे वाक्य मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात असावे, ही मागणी अन्न व औषध प्रशासनाकडे करायला कोणत्याही नव्या संशोधनाची गरज नाही.