लहानग्यासह तंबूचा मुक्काम

शनिवारी पहाटे बेंगळुरूच्या यशवंतपुरात दोन प्रकारची वाहने एकमेकांना ओलांडत असतात. महाराष्ट्रातून रात्रभर धावून आलेले कांद्याचे ट्रक तुमकूर रस्त्याने बाजार समितीच्या आवाराकडे वळतात, आणि त्याच रस्त्याने उलट दिशेला, टपावर सामान बांधलेल्या मोटारी शहराबाहेर पडतात. २०१४ च्या मार्चमध्ये येथे मेट्रो धावू लागली, सदनिकांचे मनोरे वाढले, आणि आठवडाभर संगणकासमोर वा काउंटरमागे बसणारा नोकरदार दोन दिवसांच्या मोकळ्या हवेसाठी आतुर होऊ लागला. या मोकळ्या हवेत अलीकडे तंबूतील मुक्कामाला विशेष मान आहे. मात्र चार मित्रांनी तंबूत रात्र काढणे वेगळे आणि दीड-दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन ती काढणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे नियोजन बहुधा पहिल्याच्या पद्धतीने केले जाते, आणि घोटाळा तेथेच होतो.

उदाहरण म्हणून सोलापूरहून बदलीने आलेल्या एका बँक कर्मचाऱ्याचे घर घेता येईल. पत्नी संगणक क्षेत्रात, मुलगी बावीस महिन्यांची. मुलीला तेराव्या महिन्यात तापात झटका आला होता. सहा महिने ते पाच वर्षे या वयात काही मुलांना असे होते आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याचा कायमचा परिणाम राहत नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. तरीही त्या रात्रीपासून आई घराबाहेर कोठेही निश्चिंत झोपली नव्हती. नाताळच्या जोडून आलेल्या सुट्यांसाठी वडिलांनी संगणकावर तक्ता तयार केला : कोडगू, अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर, दोन रात्री, कॉफीच्या मळ्यात तंबू. तक्ता निर्दोष होता. प्रत्येक तासाला काय करायचे ते त्यात लिहिलेले होते. सोलापूरच्या आजींना दूरध्वनीवर बेत सांगितला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "लेकराला घेऊन रानात कशाला रे? इकडं या की. अंगणात बाजा टाकून झोपू समदे."

आजींचे बोलणे घरात हसण्यावारी नेले गेले. वास्तविक त्यात नियोजनाचे एक तत्त्व दडले होते, ते पुढे येईलच.

बँकेतील नोकरदारांना दूरच्या प्रवासाची ओढ लागण्यास रजा प्रवास सवलत बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. सवलत मिळते ती अंतराच्या हिशेबाने. मग जितके दूर तितके पदरात अधिक पडले, अशी मनाची घडण होते. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा न घेतल्यास रेल्वेचे भाडे पडत नाही, म्हणून त्याची गणना प्रवासी म्हणूनही होत नाही. तिकिटात ते नसते आणि बेतातही नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्री मिळून अकरा ते चौदा तास झोप हवी. म्हणजे चोवीस तासांतले जागेपणाचे तास उरले दहा ते तेरा. त्यांतील सहा तास घाटरस्त्यावरील मोटारीत गेले, दोन तास भरवण्यात, आंघोळीत आणि कपडे बदलण्यात गेले, तर ज्या निसर्गासाठी एवढा खटाटोप केला त्याच्या वाट्याला काय शिल्लक राहते, हे सांगण्यास वाणिज्य शाखेच्या पदवीची आवश्यकता नाही.

शिवाय, दोन वर्षांच्या मुलाला निसर्ग म्हणून नेमके काय दिसते, याचा विचार आईवडील क्वचितच करतात. दरीवर तरंगणारे धुके, क्षितिजावरचा सूर्योदय ही प्रौढांची दृश्ये आहेत. मुलाची दृष्टी हाताच्या अंतरावर असते. खडा, बी, मुंगी, शेण, चिखल, नळाखालचे डबके, एवढे त्याचे विश्व. हे मराठी माणसाला नव्याने शिकावे लागू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारले, तेव्हा महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी आसपासचे शंखशिंपले, पाने, बिया, खडे त्यांनी मुलांच्या हाती दिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. कुरणशाळा हा शब्दच किती बोलका आहे! मूल जेथे आहे तेथे आपण जायचे, ही त्यामागची दृष्टी. तंबूच्या सहलीत आपण नेमके उलट करतो. आपल्याला जेथे जायचे असते तेथे मुलाला ओढून नेतो आणि ते रडले की प्रवास त्याला सोसत नाही असे म्हणतो.

म्हणूनच अशा मुक्कामाचे नियोजन स्थळापासून सुरू करू नये, रुग्णालयापासून सुरू करावे. रात्री दोन वाजता ताप चढला तर बालरोगतज्ज्ञ वा आपत्कालीन विभाग असलेल्या रुग्णालयात किती वेळात पोहोचता येईल, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर एका तासाच्या आत बसत नसेल, तर ते स्थळ कितीही रम्य असले तरी दोन-तीन वर्षे थांबू शकते. डोंगर कोठे पळून जात नाहीत. याविषयी मतभेद होऊ शकतात. हौशी भटके म्हणतील, की एवढी भीती बाळगली तर घराबाहेरच पडणे नको. परंतु ज्या घराने तापातला झटका एकदा पाहिला आहे त्याला हा हिशेब भित्रेपणाचा वाटणार नाही. उलट या हिशेबामुळेच त्या आईला बाहेर पडण्याचे बळ येते. झटका आलाच तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात बोट वा चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये, आणि पाच मिनिटांत तो थांबला नाही तर तत्काळ रुग्णालय गाठावे, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला तोंडपाठ असावे. यशवंतपुरात कांद्याला तोटा नाही, तरी तो स्वयंपाकघरातच बरा.

या कसोटीवर बेंगळुरूभोवतीची स्थळे तपासली, तर यादी झपाट्याने आखडते. कावेरीकाठी भीमेश्वरी आणि गालिबोरे येथे राज्य सरकारच्या जंगल लॉजेस या कंपनीचे तंबूनिवास आहेत. मोठ्या मुलांना घेऊन जाण्यास ते उत्तमच. पण नदीत मगरी आहेत, पाण्याला ओढ आहे, आणि नुकते पळायला शिकलेले मूल क्षणात हातातून निसटते. मंचनबेले जलाशयाचा काठ छायाचित्रांत मोहक दिसतो. तेथे बुडून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या वारंवार येतात. लहान मूल आणि उघडे पाणी एका मुक्कामात नसावे, याला अपवाद करू नये. रामनगर, मागडी, सावनदुर्ग या भागात बिबट्याचा वावर आहे. राखीव वनात परवानगीवाचून रात्र काढणे तर बेकायदाच, आणि मूल बरोबर असताना वनरक्षकाशी हुज्जत घालण्याची हौस कोणालाही नसावी. मलनाडकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात १९५७ साली प्रथम आढळलेला, गोचिडीमुळे पसरणारा माकडताप डिसेंबर ते मे या काळात डोके वर काढतो, आणि आपल्या सुट्या नेमक्या त्याच काळात येतात.

मग उरते काय? उरते ते अगदी साधे : राहते घर असलेला एखादा मळा. वर सांगितलेल्या कुटुंबाने शेवटी तेच केले. तुमकूर रस्त्यानेच नेलमंगला ओलांडून दाबसपेटच्या पुढे, शिवगंगेच्या डोंगरापासून पुरेशा अंतरावर, एका परिचित शेतकऱ्याच्या घरामागील अंगण. यशवंतपूरहून पन्नास किलोमीटरच्या आसपास. अलीकडे नेलमंगला, पलीकडे वैद्यकीय महाविद्यालये असलेले तुमकुरू. शौचालय आणि चूल घरातली, तंबू तेवढा आपला. आजींच्या अंगणातल्या बाजांचे तत्त्व ते हेच. आपल्या आजोळी उन्हाळाभर मुले आभाळाखाली झोपत, त्याला कोणी साहस म्हटले नाही; कारण हाकेच्या अंतरावर जागते घर होते.

सामानाविषयी थोडे. पानिपतच्या १७६०-६१ च्या मोहिमेत लढवय्यांबरोबर चाललेल्या बुणग्यांच्या भाराने फौजेची चाल कशी मंदावली, हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. तरीही दोन दिवसांच्या सहलीला निघताना आपण बुणगेच गोळा करतो. घडीच्या खुर्च्या, मांस भाजण्याची जाळी, रंगीत दिव्यांच्या माळा. मुलाला लागतात त्या गोष्टी मोजक्या असतात, पण त्या विसरून चालत नाहीत : नेहमीची गोधडी, कारण तिचा वास ओळखीचा असतो, उकळून गार केलेले पाणी, जलसंजीवनीची पाकिटे, जी वेष्टनावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळायची आणि चोवीस तासांनंतर उरलेले द्रावण ओतून द्यायचे, तापाचे औषध, मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेसह, आणि मच्छरदाणी. डास पळवणारे मलम वयाला चालते की नाही ते पाहून घ्यावे. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचे तेल नैसर्गिक म्हणून सर्रास चोळले जाते, पण तीन वर्षांखालील मुलांना ते वापरू नये असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे.

डिसेंबर-जानेवारीत बेंगळुरूच्या परिसरात पहाटे चांगलाच गारठा पडतो. अशा वेळी कोळशाची शेगडी तंबूत घेण्याचा मोह होतो. तो जिवावर बेततो. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. अंगावर एक कपडा अधिक चढवावा, शेगडी बाहेर ठेवावी. मोटारीत मूल आईच्या मांडीवर, तेही पुढच्या आसनावर, ही आपली आणखी एक जुनी सवय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने मुलाला पट्ट्याने वा खास आसनात बांधणे सक्तीचे केले असून न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम किरकोळ आहे. अचानक ब्रेक लागल्यावर आईचे हात मुलाला धरू शकत नाहीत, ही बाब किरकोळ नाही.

या सर्वाहून उपयोगी ठरली ती रंगीत तालीम. निघण्याच्या आधीच्या शनिवारी त्या कुटुंबाने इमारतीच्या गच्चीवर तंबू ठोकला. कठड्याकडची बाजू सोडून, जिन्याचे दार बंद करून. रात्री पावणेतीनला स्थानकातून निघालेल्या मालगाडीची शिट्टी वाजली आणि मुलगी किंचाळत उठली. तंबूच्या आत किती काळोख असतो, हे मोठ्यांनाही तेव्हाच कळले. गोधडी खालीच राहिली होती. वडील पाच मजले उतरून ती घेऊन आले. चेन आतून उघडताना अडकते हेही त्याच रात्री समजले. पाच मजल्यांच्या अंतरावर झालेल्या या चुका पन्नास किलोमीटरवर झाल्या असत्या, तर आईने पुन्हा तंबूचे नाव काढले नसते. भाड्याचा तंबू आणि वाया गेलेली एक रात्र, एवढाच या तालमीचा खर्च. कोडगूच्या बेताची आगाऊ रक्कम वेळेत रद्द केल्याने बरीचशी परत मिळाली, ती सोलापूरच्या तिकिटांसाठी बाजूला ठेवण्यात आली.

नाताळच्या सुट्टीत ते मळ्यावर पोहोचले तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. नाचणीची कापणी उरकून खळ्यावर रास पडली होती, बांधावर अवरेच्या शेंगा लगडल्या होत्या. शिवगंगेचा डोंगर समोर स्वच्छ दिसत होता. मुलीने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती दुपारपर्यंत खळ्याच्या कडेने चाललेल्या मुंग्यांच्या रांगेशी उकिडवी बसून होती, आणि संध्याकाळी मोठ्यांच्या देखत एका लोट्याने घमेल्यातले पाणी मातीत ओतून पाहत होती. आठ वाजता ती गोधडीत झोपली. वडिलांनी मोटार रस्त्याकडे तोंड करून उभी केली, किल्ली आईच्या उशाशी ठेवली, १०८ वर रुग्णवाहिकेला सांगता यावा म्हणून गावाचा पत्ता कन्नडमध्ये कागदावर लिहून घेतला.

मध्यरात्रीनंतर मुलगी एकदा उठली. आईने कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होते. तिला खांद्यावर टाकून ती बाहेर आली, अंगणात दोन फेऱ्या झाल्या, शेतकऱ्याच्या ओसरीवरचा दिवा चालू होता. पुन्हा आत आल्यावर मुलगी झोपली, आणि वडिलांना जाग आली तेव्हा उजाडले होते, शेतकरीणबाई नाचणीच्या आंबिलीचा लोटा घेऊन तंबूबाहेर उभ्या होत्या आणि आई अजून गाढ झोपेत होती.