आजचे वचन, उद्याचे देणे

निवृत्तिवेतन हे दान नव्हे. सेवाकाळात राखून ठेवलेल्या वेतनाचाच तो भाग होय. हे मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतोच : हे देणे फेडायचे कुणी आणि केव्हा?

१ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांसाठी महाराष्ट्राने जुनी योजना बंद केली. हमीच्या जागी अंशदान आले. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, जुनी योजना परत आणल्यास एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडून राज्य दिवाळखोरीत जाईल, असे सांगितले. मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी संपावर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत योजना स्वीकारली. हमी बऱ्याच अंशी परतली. दिवाळखोरीचा शब्द मागे पडला.

असे का घडते? अंशदान योजनेत शासनाला आपला वाटा आजच भरावा लागतो. जुन्या योजनेत आज काहीच भरावे लागत नाही. २००५ मध्ये पंचविशीत लागलेला कर्मचारी २०३८ च्या सुमारास निवृत्त होईल, तेव्हा देयक येईल. वचन देणारा मंत्री तेव्हा त्या खुर्चीत नसेल. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरील कर्ज नऊ लाख बत्तीस हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता, तर महसुली तूट सुमारे शेहेचाळीस हजार कोटींची. महसुली तूट म्हणजे धरण वा रस्त्यासाठी नव्हे, रोजच्या खर्चासाठी काढलेली उसनवारी.

मग काटकसर होते कुठे? पारशिवनीसारख्या तालुक्यात. येथे शासन म्हणजे शाळेतले गुरुजी, उपकेंद्रातली परिचारिका, तलाठी. पद रिक्त ठेवले की आजचे वेतन वाचते आणि उद्याचे निवृत्तिवेतनही. या बचतीची झळ कुणाला लागते, हे अर्थसंकल्पात दिसत नाही. महाविद्यालयीन शिक्षकांतही आता तीन वर्ण झाले आहेत : २००५ पूर्वीचे, नंतरचे, आणि तासिका तत्त्वावरचे. तिसऱ्याची पदवी तीच, अभ्यासक्रमही तोच. पण त्याच्यासाठी कोणतीच योजना नाही.

आम्ही स्वतः निवृत्तिवेतनाच्या बाजूचे आहोत. म्हणूनच दोन गोष्टी मागणे आम्हांला आवश्यक वाटते. कोणतीही हमी देण्यापूर्वी पुढील तीस वर्षांच्या देण्याचे विवरण शासनाने विधिमंडळापुढे ठेवावे. आणि कर्मचारी संघटनांनी आपल्या मागणीपत्रात रिक्त पदांची भरती पहिल्या क्रमांकावर घ्यावी. तासिकेवरच्या सहकाऱ्याला वगळून मिळवलेली हमी न्याय्य म्हणता येणार नाही, आणि ज्या गावात परिचारिकेचे पद रिक्त आहे, ते गाव उद्या या हमीच्या पाठीशी उभे राहील, अशी अपेक्षाही आपण करू नये.