जात विचारता, मग फवारणी का नाही?

बाभुळगावातल्या एखाद्या शेतमजुराच्या आतड्यात काय चाललंय हे शोधायचं असेल, तर त्याला पहिला प्रश्न कोणता विचाराल? 'भाऊ, तुमची जात कोणती?' की 'यंदा किती दिवस फवारणी केली?'

माझं उत्तर दुसरं. पण भारतातल्या मायक्रोबायोम संशोधनाचा सगळ्यात मोठा आराखडा पहिल्या प्रश्नावर उभा आहे. भांडण तिथे आहे.

मायक्रोबायोम म्हणजे आपल्या आतड्यात, तोंडात, त्वचेवर राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची अख्खी वस्ती. आपल्याला न पचणारा चोथा ते पचवतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, रोगप्रतिकारशक्तीला वळण लावतात. अमेरिकेने २००७ मध्ये 'ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट' सुरू केला आणि २०१२ मध्ये २४२ निरोगी अमेरिकनांच्या नमुन्यांचे निष्कर्ष जाहीर केले. निरोगी पोट कसं असतं, याची जगाची कल्पना बरीचशी अशाच अभ्यासांतून आली. २०२२ मध्ये संशोधकांनी जगभरातल्या खुल्या नमुन्यांची मोजदाद केली. कुठून आलेत हे माहीत असलेल्या नमुन्यांपैकी ७१ टक्क्यांहून जास्त युरोप, अमेरिका आणि कॅनडाचे निघाले. मध्य आणि दक्षिण आशियाचा वाटा १.८ टक्के, आणि लोकसंख्या मात्र जगाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त.

म्हणून इन्स्टाग्रामवर कोणी 'गट हेल्थ'च्या गोळ्या विकायला लागला, की त्याला एवढंच विचारा : कोणाचं गट?

तेव्हा भारतीयांचा मोठा अभ्यास हवाच, यात वाद नाही. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सने तसा प्रस्ताव मांडला आणि २०१९ मध्ये त्याच्या बातम्या झाल्या. खर्च सुमारे १५० कोटी रुपये, देशभरातल्या २०,६०० लोकांची विष्ठा, लाळ आणि त्वचेचे नमुने. हे लोक निवडायचे १०३ अंतर्विवाही समूहांतून. अंतर्विवाही म्हणजे आपसातच लग्नं करणारे. सरळ मराठीत सांगायचं तर जाती आणि जमाती.

जातीत लग्नं होतात म्हणून जनुकं वेगळी राहतात, म्हणून पोटातले जीवही वेगळे असतील, असा यामागचा तर्क. ऐकायला ठीक वाटतो. पण २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने १,०४६ लोकांचा अभ्यास 'नेचर'मध्ये छापला. माणसं वेगवेगळ्या वंशांची, राहणीमान साधारण एकसारखं. वंशाचा मायक्रोबायोमशी लक्षणीय संबंध सापडला नाही. आनुवंशिकतेचा वाटा २ ते ८ टक्क्यांच्या आसपास निघाला. आहार, औषधं आणि शरीराची मापं यांच्याशी मात्र २० टक्क्यांहून जास्त फरक जोडलेला होता. थोडक्यात, आजोबा कोण होते यापेक्षा ताटात काय आहे आणि मेडिकलवरून काय आणलंय, हे जास्त बोलतं.

कोणी म्हणेल, जातीनुसार खाणं बदलतं, म्हणून जात विचारायची. मग खाणंच विचारा ना! ज्वारीची भाकर किती, रेशनचा तांदूळ किती, बिस्किटाचे पुडे किती. अँटिबायोटिकचा कोर्स पुरा केला की दोन गोळ्यांवर सोडला. पाणी नळाचं की बोअरचं. प्रश्नावलीत हे असेलही. पण नमुना कोणाचा घ्यायचा हे जातीवर ठरलं, की उत्तरंही जातीच्याच रकान्यात पडतात. फवारणी करणाऱ्यांचा वेगळा गट आधी आखलाच नाही, तर त्यांच्याबद्दल शेवटी ठामपणे काही सांगता येणार नाही.

आणि बाभुळगावसाठी हा प्रश्न हवेतला नाही. हा तालुका कपाशीचा, सोयाबीनचा, तुरीचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. मेलेल्यांची निदान मोजणी झाली. जे वाचले, आणि जे दर हंगामात थोडं थोडं विष अंगावर घेतात, त्यांच्या आत काय घडतं?

त्याच २०१७ मध्ये मदुराईच्या संशोधकांनी 'जीनोम बायोलॉजी'त यातला एक धागा मांडला. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचं आतड्यातले जीवाणू विघटन करतात. त्यातून ॲसिटेट बनतं, त्याच्यापासून शरीर साखर तयार करतं आणि रक्तातली साखर वाढते. अशा उंदरांची विष्ठा दुसऱ्या उंदरांत घातली, तर त्यांचीही साखर बिघडली. तमिळनाडूच्या खेड्यांतल्या लोकांमध्येही या कीटकनाशकांचा आणि मधुमेहाचा संबंध त्यांना दिसला. एका अभ्यासावरून निकाल लावू नये, हे मान्य. म्हणूनच तो इथे, कपाशीच्या पट्ट्यात, मोठ्या प्रमाणावर तपासायला हवा.

जातीला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. स्वतःचं वावर कोणाकडे आणि दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेऊन कोण जातो, हे आजही बऱ्याचदा जातीवरच ठरतं. पण मग जात आतड्यात पोचते ती रक्तातून नाही, कामातून. तिला जनुकांचा मामला ठरवलं, की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. विष कोणी विकलं, मोजे-मास्क कोणी दिले नाहीत, हे प्रश्न गायब होतात. उरतो तो फक्त 'अमुक समाजाचं पोटच तसं' हा जुनाच शेरा, आता प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह.

तेव्हा संशोधकहो, बाभुळगावात जरूर या. पण जातीच्या दाखल्याआधी कृषी केंद्राची पावती बघा. हंगामाआधी नमुना घ्या, फवारणी संपल्यावर पुन्हा घ्या. पंप मारणारा, त्याला पाणी आणून देणारी, आणि वावरात कधीच न उतरणारा दुकानदार, तिघांचाही घ्या. आणि निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत येऊन सांगा. नमुना आमच्या पोटातला आहे, त्याचं उत्तर आम्हाला कळलंच पाहिजे.