खासगी नावांची लिपी

प्रोग्रामिंगमधील नामकरण हा साहित्याच्या अभ्यासकांचा विषय नव्हे, असे म्हटले जाईल. आम्हांस तसे वाटत नाही. कोणते नाव चारचौघांत घ्यावे आणि कोणते घरातच ठेवावे, हा विवेक भाषेचाच आहे.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत वस्तूच्या अंतर्गत गुणधर्मांना बाहेरच्याने हात लावू नये, म्हणून काही खूण लागते. जावा 'प्रायव्हेट' हा शब्दच लिहावयास लावते आणि नियम मोडणारा प्रोग्राम घडूच देत नाही. पायथॉनमध्ये नावाआधी केवळ एक अधोरेषा येते. तिने दार बंद होत नाही. आत येऊ नये एवढा संकेत मिळतो, आणि तो पाळणे सभ्यतेवर सोपवलेले असते.

२००९ साली गूगलने जाहीर केलेल्या गो भाषेने तिसरी वाट धरली. नाव कॅपिटल अक्षराने सुरू झाले तर सार्वजनिक, एरवी त्या पॅकेजपुरते खासगी. नियम सुटसुटीत खरा. पण देवनागरीत लहानमोठी अक्षरेच नाहीत! त्यामुळे मराठी नाव तिथे जन्मतःच खासगी ठरते. ते बाहेर आणायचे तर आधी एक रोमन कॅपिटल अक्षर चिकटवावे लागते. त्याहून मोठी अडचण अशी, की काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना तिथल्या नावात जागाच नाही. 'जत' किंवा 'वसई' कसेबसे चालेल. बुलढाणा जिल्ह्यातले 'सोनाळा' चालणार नाही. देवनागरी यामुळे वगळली जाते, हे गोच्या कर्त्यांनी आपल्या प्रश्नोत्तरांत स्वतःच मान्य केले आहे. पायथॉनने मात्र २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'सोनाळा' आणि '_सोनाळा' दोन्ही स्वीकारली आहेत.

नावे इंग्रजीतच द्यावीत, म्हणजे प्रश्न मिटला, असे कोणी सुचवील. परंतु 'सातबारा', 'फेरफार' यांना इंग्रजी प्रतिशब्द शोधताना अर्थ निसटतो, आणि रोमन लिपीत लिहिताना 'ळ' व 'ल' यांतील भेद सहसा पुसला जातो. नोंदींच्या कामात हे नुकसान किरकोळ नव्हे.

आमचे म्हणणे इतकेच: खासगीपणाची खूण अक्षराच्या आकारावर बेतू नये. ती स्वतंत्र चिन्हाने वा शब्दाने द्यावी, म्हणजे कोणत्याही लिपीला ती पाळता येईल. एका लिपीची सवय जेव्हा सर्वांचा नियम होते, तेव्हा इतर भाषांवर न मागितलेले मौन लादले जाते. हे ओळखणे साहित्याच्या विद्यार्थ्याचेही काम आहे.