जेवण्याची व उतरण्याची सोय

मुंबई-पुण्याच्या प्रवासात वाटेत थांबणे ही आता हौस झाली आहे. एके काळी ती गरज होती. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. घाट चढण्याआधी पायथ्याच्या खोपोलीला दम खायचा हा बैलांचा शिरस्ता पुढे मोटारींनीही पाळला. चढणीपूर्वी रेडिएटरात पाणी घालायचे, आणि गाडी पाणी पिते आहे तोवर ड्रायव्हरने नि उतारूंनी चहा प्यायचा! यंत्राला तहान लागे म्हणून माणसांची पोटे भरत, आणि त्यांच्या पोटांवर आमचे पोट चाले. कारण त्याच रस्त्यावर आमच्या आजोबांची खाणावळ होती.

‘जेवण्याची व उतरण्याची उत्तम सोय’ अशी पाटी होती. उतरण्याची सोय म्हणजे माडीवरच्या दोन खोल्या आणि चार खाटा. जेवण मात्र खरोखरच उत्तम असे. पुढच्या प्रशस्त ओट्यावर बाके मांडलेली; पावसाळ्यात समोरच्या डोंगरावरून धबधबे कोसळत, आणि ते पाहता पाहता मंडळी आमटीभात दुसऱ्यांदा मागून घेत. सुट्टीत गेलो की आम्ही मुलेही तिथेच पडून असू. मला तर स्वर्गात ओटा असतो असेच वाटे.

पुढे द्रुतगती मार्ग झाला. २००२ साली तो सबंध खुला झाला आणि खोपोली बाजूला राहिली. मोटारींची तहानही एव्हाना कमी झाली होती. जुन्या रस्त्याला उरल्या त्या मुख्यतः स्कूटरी, मोटारसायकली आणि गावच्या गाड्या. आजोबा गेले, काका थकले, आणि तीन वर्षांत पाटी उतरली. घर विकून आलेले पैसे काकूंच्या नावे बँकेत पडले.

गेल्या श्रावणात माझ्या चुलतभावाने बातमी आणली, की ते घर पुन्हा विकाऊ आहे. ते घेऊन जुन्या थाटाची खाणावळ काढायची असा त्याचा बेत होता. पिठले-भाकरी, तांब्याची भांडी, बसायला पाट. शहरातली माणसे शनिवार-रविवारी धावत येतील! मी मराठीचा प्राध्यापक; मी लगेच नावे सुचवू लागलो. अडचण एकच : पैसे काकूंचे होते.

म्हणून आम्ही काकूंना पुढच्या सीटवर बसवून निघालो. खोपोलीच्या फाट्याला द्रुतगती मार्ग सोडला आणि जुन्या रस्त्याला लागलो. घर उभे होते. पुढे टायरवाल्याचे दुकान झाले होते, पण ओटा शाबूत होता. आम्ही दोघे बंधू ओट्यावर हात फिरवीत गहिवरलो. काकू मात्र थांबल्या नाहीत. त्या सरळ मागच्या स्वयंपाकघरात गेल्या.

तिथे भिंतीवर चुलीचा काळा पट्टा अजून होता. काकू चुलीच्या जागेपासून मोरीपर्यंत पावले मोजीत गेल्या. “अकरा,” त्या म्हणाल्या. “दिवसाला साठ-सत्तर पाने. तीस वर्षे. पाटी उतरली त्या दिवशी मी पहिल्यांदा दुपारी बाराला जेवले.”

मी चारी भिंती पाहिल्या. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. लहानपणी मी तिथे हजारदा भाकरी मागायला गेलो असेन. पण मी नेहमी भाकरी घेऊन बाहेर पळे.

मग काकू ओट्यावर येऊन बसल्या. समोर तीन धबधबे लागले होते. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

“आई, काय म्हणतेस मग?” भावाने विचारले.

“काढ की खाणावळ. पैसे देते. पण आधी आतली चूल ह्या बाजूला आण आणि तिला डोंगर दिसेल अशी खिडकी पाड. आणि आठवड्यातून एक दिवस बंद. तेही पाटीवर लिही.”

“कोणता दिवस?”

“रविवार.”

भाऊ परतीच्या वाटेवर घाटात शिंगरोबाच्या देवळापर्यंत गप्प होता. हा शिंगरोबा म्हणजे साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी आख्यायिका आहे. ड्रायव्हर लोक त्याच्यापुढे नाणे टाकतात. भावाने नाणे टाकले आणि हळूच मला विचारले, “सोमवार चालेल का रे तिला?” मी म्हटले, “तिलाच विचार.” ती बोलणी अद्याप चालू आहेत. खिडकी मात्र मंजूर झाली आहे.

वाचकहो, हा अंक हाती येईल तेव्हा तुमच्या घरीही चकल्यांचा घाणा चालू असेल, आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत आरामात पाने चाळीत असाल. हे पान संपले की जरा उठा, आत जा, आणि झारा आपल्या हाती घ्या. अंक त्यांना द्या. खुर्चीही द्या, आणि ती खिडकीशी असेल असे पाहा.