लोणेरे जवळ आहे, पण 'बाटू'ची सीट जवळ आहे का? पेण-रोह्यातल्या विद्यार्थ्यांचं गणित कुठे चुकतं?

बारावीचा निकाल लागला की पेण आणि रोह्यातल्या सायन्सवाल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मुंबई-पुणं नाही जमलं तर नाही, आपलं लोणेरे आहेच की!"

लोणेरे म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, सगळ्यांच्या तोंडी 'बाटू'. 1989 साली स्थापन झालेलं हे राज्य सरकारचं विद्यापीठ माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. महामार्गाचं काम संपेल तेव्हा संपेल, पण रोह्यातून कोकण रेल्वे पकडली तर गोरेगाव रोड स्टेशनला उतरून कॅम्पस गाठता येतो. त्यामुळे 'आपलं' वाटणं साहजिक आहे.

अडचण अशी की हे 'आपलं' प्रवेशाच्या यंत्रणेला कळत नाही.

इंजिनीअरिंगच्या बऱ्याच कॉलेजांत 70 टक्के जागा त्या विद्यापीठ क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना, असा हिशोब असतो. बारावी जिथून पास, ते तुमचं क्षेत्र. पेण-रोह्यातून बारावी केलेला विद्यार्थी मुंबई विद्यापीठ क्षेत्रात धरला जातो. बाटूच्या स्वतःच्या विभागांतल्या जागा मात्र राज्यस्तरावर भरतात. म्हणजे पेणच्या मुलाची स्पर्धा लातूर, नांदेड, जळगावच्या मुलांशी बरोबरीने होते. कॅम्पस जवळ असण्याचा एकही गुण मिळत नाही.

मग गुण कशाचे?

एमएचटी-सीईटीचे. बारावीला फिजिक्स, मॅथ्स आणि केमिस्ट्रीसारख्या तिसऱ्या विषयात मिळून खुल्या गटाला 45 टक्के आणि राखीव गटाला 40 टक्के लागतात. ती फक्त पात्रता झाली. गुणवत्ता यादी लागते सीईटीच्या पर्सेंटाइलवर. 200 गुणांच्या पेपरात गणित एकटं 100 गुणांचं आहे, फिजिक्स आणि केमिस्ट्री प्रत्येकी 50. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ तोटा. 2026 पासून परीक्षा दोनदा देता येते आणि जास्तीचा पर्सेंटाइल धरला जातो.

अभ्यासाबद्दल सांगणारे क्लासवाले पुष्कळ आहेत. सीट हातची जाते ती बऱ्याचदा अभ्यासानंतरच्या दोन टप्प्यांवर.

पहिला टप्पा : कागद

आरक्षणातून प्रवेश हवा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. ओबीसी आणि एसईबीसीला त्यावर नॉन-क्रिमिलेअर, तेही राज्याच्या नमुन्यातलं आणि त्या शैक्षणिक वर्षातल्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं. अर्ज भरताना यातलं काही हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती चालते. पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आलं नाही, तर विद्यार्थी थेट खुल्या गटात जातो. पर्सेंटाइल तोच राहतो, स्पर्धा बदलते.

जातीचा दाखला पेण किंवा रोह्याच्या प्रांत कार्यालयातून मिळतो. वैधता ही वेगळी वाट आहे. त्यासाठी कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीने अर्ज समितीकडे जातो आणि समिती वडील-आजोबांपर्यंतचे पुरावे मागते. ओबीसींना साधारणपणे 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, तर अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. बहुतेक वेळा हा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा.

आता पेण-रोह्याच्या डोंगरपट्टीतल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांचा विचार करा. वीटभट्टीसाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्या घरात 1950 च्या आधीचा शाळेचा दाखला कुठून येणार? ज्यांच्यासाठी आरक्षण सगळ्यात गरजेचं, त्यांनाच कागद सगळ्यात अवघड, हा या व्यवस्थेतला उघड विरोधाभास आहे. जमातींची प्रकरणं ठाण्यातल्या कोकण विभागाच्या समितीकडे जातात, म्हणजे फेऱ्या आणि प्रवासखर्च आलाच. यावर आजच्या नियमांत एकच व्यवहार्य उपाय दिसतो : अर्ज अकरावीत असतानाच टाकणं. सीईटीच्या निकालानंतर धावपळ सुरू केली तर वेळ पुरेलच असं नाही.

दुसरा टप्पा : पसंतीक्रम

2025-26 च्या प्रवेशापासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि एक नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हेच लागू होतं.

समजा, रोह्याच्या एका मुलीला बाटूत केमिकल हवं आहे. घरचे म्हणतात, आधी 'नक्की मिळेल' असं एखादं खासगी कॉलेज टाकू, रिस्क नको. ती पहिल्या क्रमांकावर ते कॉलेज टाकते, दुसऱ्यावर बाटू. पहिल्या फेरीत तिला खासगी कॉलेज मिळतं आणि विषय संपतो. तिच्या पर्सेंटाइलला त्याच फेरीत बाटू मिळत असेल, तरीही. संगणक यादी वरून खाली वाचतो, जिथे पहिली सीट मिळते तिथे थांबतो.

उलट भीतीही तितकीच चुकीची आहे. 'आवाक्याबाहेरचं कॉलेज वर लिहिलं तर खालची सीट हुकते' असं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतं. तसं होत नाही. वरचं मिळालं नाही तर यंत्रणा पुढची पसंती बघते, दंड काही नाही. म्हणून यादी हवेसेपणाच्या क्रमाने लावायची आणि खात्रीची कॉलेजं शेवटी ठेवायची. फक्त, पुढच्या फेरीत वरची सीट मिळाली की आधीची आपोआप जाते, हे लक्षात ठेवून.

यादी भरताना आणखी एक घोळ होतो. 2014 च्या कायद्यानंतर बाटूला राज्यभरातली कॉलेजं संलग्न होऊ लागली. त्यामुळे नावापुढे 'बाटू' दिसलं म्हणजे लोणेरेचा कॅम्पस असं नाही. कॉलेजचा कोड बघणं गरजेचं. मागच्या वर्षीचा कटऑफ बघतानाही मुलींनी 'एल'ने सुरू होणाऱ्या, म्हणजे महिला आरक्षणाच्या रांगा बघाव्यात. अनेक जणी 'जी'ची रांग बघून नाव सोडून देतात.

शाखेचं म्हणाल तर सगळ्यांची उडी कम्प्युटरवर असते. पण बाटूत केमिकल आणि पेट्रोकेमिकलही आहे. रोहा तालुक्यात धाटावची एमआयडीसी आहे आणि नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्पही. या दोन शाखांचे कटऑफ तपासल्याशिवाय यादी बंद करणं घाईचं ठरेल.

आणि पैशांचं? आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत नाही.

पर्सेंटाइल फारच कमी आला तर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येण्याची वाट उरते. तिथे सीईटी नसते, डिप्लोमाचे गुण चालतात. वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर मात्र तिथेही लागतं.