दुसऱ्या बाजूची नोंद

गडमुडशिंगीच्या शिवारात ऊसतोडणीला आरंभ होण्याआधीच मुकादमाच्या वहीत टोळीची उचल मांडलेली असते. वही एकाच्या हाती, अंगठा दुसऱ्याचा. हिशेब जाणणाऱ्यास यातील उणीव चटकन कळते. खाते जुळवायचे, तर दुसऱ्या बाजूचीही नोंद हवी.

अठराव्या शतकातील गुलामांच्या व्यापारात ही दुसरी नोंदच नव्हती. १७८१ मध्ये ‘झाँग’ या इंग्रजी जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी माणसे जिवंत समुद्रात लोटली गेली. मालकांनी माणशी ३० पौंडांचा विमा मागितला आणि पहिल्या सुनावणीत तो दावा मान्यही झाला. कारण कागदोपत्री ती माणसे ‘माल’ होती. १७८३ मध्ये ही वार्ता गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते ग्रॅनव्हिल शार्प यांच्याकडे नेली ओलाउडा इक्वियानो याने. तो स्वतः गुलामगिरीत राबलेला. फुटकळ व्यापारातून ४० पौंड साठवून त्याने १७६६ मध्ये आपली मुक्तता विकत घेतली होती. १७८९ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले, आगाऊ वर्गणीदार मिळवून छापले आणि गावोगावी फिरून विकले. ज्याची गणना मालात झाली होती, त्यानेच आता जमाखर्च मांडला. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला. ते पाहण्यास इक्वियानो नव्हता. तो १७९७ मध्येच निवर्तला होता.

महाराष्ट्रात अशी नोंद केली ती १४ वर्षांच्या मुलीने. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. बाळंतपणीही डोक्यावर छप्पर नसलेल्या स्त्रियांची व्यथा तिने मांडली. आपल्या लोकांविषयी इतरांनी लिहिण्याची वाट तिने पाहिली नाही. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केला. दोन्ही दुःखांचे कूळ एकच, हे त्यांनी ओळखले होते.

प्रत्येक उचल म्हणजे गुलामगिरी नव्हे. तथापि कर्जापोटी माणसाला कामास जखडून ठेवणे १९७६ च्या कायद्याने निषिद्ध आहे. पेढीवरील हमालाची उचल असो वा दुकानातील नोकराची, तिचा उतारा त्याच्या हाती असावा, त्याला वाचता येईल अशा अक्षरांत. ज्याच्या नावे रक्कम लिहिली, त्याला ती चुकली असे म्हणता आले, तरच ती वही खरी.